हनाबीच्या खुर्चीतली भोकं

२०२३ साल, आणि मला एक्याऐंशी पूर्ण. वय सांगतोय ते कौतुक करून घ्यायला नाही. त्या वर्षी माझ्या हातून एक खुर्ची झाली आणि तिच्याबद्दल आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. बायकोचं मत फोनवरून सगळ्या टोरांटोला पोचलेलं आहे. माझं मी लिहून ठेवतो. शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ ज्याने त्याने आपापलं सुधारून घ्यावं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. घाणा गेला, वडील सुतारकीत शिरले, आणि मी मिसरूड फुटायच्या आधीच त्यांच्या हाताखाली. पुढे मुंबईत फर्निचरच्या कारखान्यात सागवानावर हात बसला. मग इकडे आलो आणि लंडनला किचन कॅबिनेटच्या फॅक्टरीत रिटायर होईपर्यंत राहिलो. लंडन म्हणजे आमचं ओंटॅरिओतलं. मुंबईतल्या भावाला अजून वाटतं, मी राणीच्या शेजारी राहतो. मीही सांगत बसत नाही.

खुर्ची कसली ते आधी सांगतो. आमच्यात मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता करतात. त्या वेळी दोन खुर्च्या मांडतात. एकीवर बाळाला मांडीवर घेणारा माणूस बसतो. दुसरी रिकामी ठेवतात, ती एलियाहू हनाबीची. हा आमचा संदेष्टा प्रत्येक सुंतेला येऊन बसतो, असं आम्ही मानतो. बाळाला आधी त्याच्या खुर्चीवर क्षणभर ठेवायचं, मग मांडीवर द्यायचं. आमच्या मशिदीत (सिनेगॉगला आमची जुनी माणसं मशीदच म्हणतात) ही खुर्ची उंच पाठीची, कोरलेली, चकचकीत पॉलिशची होती. इथे आम्ही मूठभर लोक. हॉल भाड्याने घ्यायचा, भिंतीला टेकवलेली पत्र्याची फोल्डिंग खुर्ची उघडायची, वर मखमल टाकायची, झाला हनाबीचा मान.

"एवढ्या लांबून येतो बिचारा आणि आपण त्याला फोल्डिंगवर बसवतो," ही दर वेळी म्हणायची. ही म्हणजे माझी बायको. आणि म्हणताना माझ्याकडे बघायची, जसा काही तो पत्रा मीच वाकवला.

त्या उन्हाळ्यात नातीचा फोन आला. नात ओकव्हिलला असते, हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या आधीच्या दोन खेपा अर्ध्यावर राहिल्या होत्या, म्हणून पाचवा महिना लागेपर्यंत तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"आजोबा, इट्स अ बॉय. खुर्ची तू करायची. प्लीज, नो फोल्डिंग चेअर."

मी हो म्हटलं. एवढ्या वर्षांत मला कुणी काही करून मागितलं नव्हतं. कॅबिनेटची कडी बसव, दार घासतंय ते बघ, एवढंच. खुर्ची करून दे, असं कुणी म्हटलं नव्हतं. मुलगा आमच्याजवळच राहतो; तो म्हणतो तसं, बेसमेंटमधली माझी सुतारी म्हणजे म्हाताऱ्याचा टाइमपास.

लाकूड घरचंच होतं. मागच्या अंगणात ॲशचं मोठं झाड होतं. या मुलखात एक हिरवा चकचकीत किडा आलाय, तो सालीखाली शिरून ॲशची झाडं मारतो. आमचंही दोन उन्हाळ्यांत वाळलं. कापायला आलेल्या माणसांना मी बुंधा नेऊ दिला नाही. ट्रेलरवर करवत घेऊन फिरणारा एक माणूस बोलावला, फळ्या पाडून घेतल्या आणि गॅरेजमध्ये वारा लागेल अशा रचून ठेवल्या. मुलाची गाडी दोन हिवाळे बाहेर बर्फात उभी राहिली. दर सकाळी काच खरवडताना तो माझं नाव घेत असणार.

फळ्या खाली बेसमेंटमध्ये आणून रंधा मारला, तेव्हा खरं रूप कळलं. सालीलगत किड्याने खाल्लेल्या नागमोडी वाटा, जशा लहान पोराने भिंतीवर रेघोट्या ओढाव्यात. त्या रंध्याखाली गेल्या. पण आत दुसऱ्या कुठल्या किड्याची गोल भोकंही होती, कुठे मोहरीएवढी, कुठे मिऱ्याएवढी. पाठीच्या मधल्या फळीत एक गाठ होती आणि गाठीशेजारी साल आत अडकून राहिलेली पोकळी. दुकानातून चांगलं लाकूड आणावं की नाही, हा विचार मी केलाच नाही. आपल्या दारातलं झाड आहे. त्यात भोकं आहेत, तर बुजवायची. हाच माझा धंदा होता.

मुंबईत आम्ही भोक कसं बुजवायचो? त्याच लाकडाचा बारीक भुसा घ्यायचा, सरसात कालवायचा, दाबून भरायचा, वाळला की पॉलिश पेपर. सागवानात शोधूनही सापडायचं नाही. मी तेच केलं. दोन्ही हात, चारी पाय, पाठ, सगळीकडे बोटाने चाचपत भोकं भरली. डोळ्यांपेक्षा माझं बोट आता जास्त बघतं. घासून गुळगुळीत केलं आणि चपडी लाखेच्या पॉलिशचा पहिला हात मारला.

दुसऱ्या दिवशी ही कॉफी घेऊन खाली आली. उभी राहिली. कप माझ्या हातात न देता म्हणाली, "अहो, खुर्चीला गोवर आलाय."

खरंच आला होता. सागवान मुळात तपकिरी, त्यात सरसाचा भुसा काळपट झाला तरी मिसळून जातो. ॲश पांढरट, गव्हाच्या कण्यांसारखं. त्यात प्रत्येक भरलेलं भोक काळा ठिपका होऊन वर आलं होतं. नुसती भोकं होती तेव्हा निदान सावलीसारखी दिसत होती.

"दुसऱ्या हाताला बसेल," मी म्हटलं.

"बसेल हो. तोवर बाळाचं लग्न होईल."

दुसरा हात मारला. तिसरा मारला. ठिपके आणखी काळे. चौथ्या हाताची बाटली उघडली तेव्हा ही जिन्यावरून म्हणाली, "त्याच्यावर मखमल टाकायचीच आहे. भोकं बघणारे कोण?"

"हनाबी बघेल."

"तो बसेल की वाकून खालून बघेल?"

बाटलीला बूच लावलं. मग बरेच दिवस मी टोकदार खिळ्याने आणि लहान गिरमिटाने स्वतःचंच भरलेलं स्वतः उकरत बसलो. मान अवघडायची. ही वर फोनवर कुणाला तरी सांगत असायची, "काही नाही गं, खाली खणताहेत."

नंतर मी कामाची पद्धतच बदलली. मोठ्या भोकांना खुंट्या केल्या. गोल दांड्याचा तुकडा ठोकून चालत नाही. त्याचं कापलेलं तोंड वर येतं, ते पॉलिश पितं आणि काळं पडतं. खुंटी फळीच्या अंगातून आडवी काढायची, म्हणजे तिच्या रेषा आणि खुर्चीच्या रेषा एका दिशेने बसवता येतात. बारीक भोकांना आधी हातच लावायचा नाही. पॉलिश पुरतं होऊ द्यायचं आणि शेवटी मेणात थोडा पिवळा रंग कालवून नखाने दाबायचं. टाकाऊ तुकड्यावर आधी करून बघितलं. हे मुंबईत कुणी मला शिकवलं नव्हतं, इथेही नाही. चुकलो, मग बसून विचार केला. गाठीशेजारची पोकळी मात्र लपवली नाही. आतली सुटी साल काढली, कडा पटाशीने साफ केल्या आणि वितळवलेली गडद लाख ओतली. गाठ तिथे आहे तर तिथे दिसू दे. झाडाची ती जागा आहे.

डिसेंबर लागला तेव्हा खुर्ची उभी राहिली. उंच पाठ, रुंद हात. मी तिच्यावर बसलो नाही, बसायची रीत नाही. पण पाठीवरून हात फिरवला आणि खुंट्या बोटाला लागल्या नाहीत. मुलगा खाली आला, बघून गेला, आणि त्या दिवसापासून टाइमपास हा शब्द बंद झाला.

मग पीठ पडलं.

ही झाडू घेऊन आली होती. "इथे मैदा कुणी सांडला?"

डाव्या मागच्या पायाशी चमचाभर पांढरट भुकटी होती. बोटात धरली तर पावडरीसारखी मऊ. "पॉलिश पेपरचा भुगा आहे," मी म्हटलं. तिने झाडला. दोन दिवसांनी तिथेच तेवढाच ढीग. झाडू भिंतीला लावला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी गुडघे टेकून पायावरून बोट फिरवलं. एक नवं भोक होतं. टाचणीने पाडल्यासारखं. आणि ते कुठे, तर मी सगळ्यांत नीट बसवलेल्या खुंटीच्या बरोबर मध्ये. आत किडा जिवंत होता. माझ्या खुंटीतूनच त्याने वाट काढली होती.

चूक कुठे झाली ते लगेच समजलं. मागचे पाय जाड हवे होते, म्हणून मी सालीलगतचं कच्चं लाकूड ठेवलं होतं. किड्याला तेच गोड लागतं. वडील असते तर तिथेच कान धरला असता. त्यात बेसमेंटमधल्या फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीची, ऊब. चार महिने तो आत खाऊन-पिऊन मजेत.

हिला मी म्हटलं, नातीला सांगू नकोस, मी बघतो. तिने मान हलवली आणि वर जाऊन फोन लावला. बायकांची मान कशाला हलते, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

रविवारी नात आली. आठवा महिना संपत आलेला, जिना उतरताना एक हात भिंतीला. तिने खुर्ची बघितली. पाठीवरून हात फिरवला, गाठीवर बोट ठेवलं. "आजोबा, इट्स ब्यूटिफुल," म्हणाली आणि डोळे पुसले. मग वाकता येत नव्हतं, म्हणून फोन खाली धरून पायाचा फोटो काढला आणि तो मोठा करून बघितला.

"ही माझ्या घरात नाही येणार. सॉरी."

"मी रॉकेल सोडतो भोकात. सुईने. कोकणात तेच करायचे, किडा जागच्या जागी मरतो."

"आणि त्याच्यावर बाळाला ठेवायचं? आठ दिवसांचं बाळ? केरोसिनवर?"

"क्षणभर तर ठेवायचं."

"नो केमिकल्स, आजोबा. अँड नो बग्ज. दोन वेळा काय झालं ते तुला माहीत आहे. या वेळी मी काहीच चान्स नाही घेणार. तू रागव, चालेल."

मी रागावलोच. म्हटलं, मग घे तुझी फोल्डिंग. तीही माझीच नात. म्हणाली, "ओके, घेते." आणि जिना चढायला लागली.

तिला थांबवलं हिने. ही वरून हातात रव्याचं पाकीट घेऊन खाली आली होती. गारठलेलं, वर बर्फाची भुरी. ही इंडियन ग्रोसरीतून रवा, पोहे, डाळीचं पीठ काहीही आणते, ते आधी फ्रीझरमध्ये जातं. त्याशिवाय डब्यात भरत नाही. आपल्या ओळखीची प्रत्येक बाई इथे हेच करते.

"रव्यात किडा असला तर मी काय करते?" ही म्हणाली. "रॉकेल ओतते?"

"खुर्ची फ्रीझरमध्ये घालू?" मी म्हटलं.

"बाहेर काय आहे मग? तंदूर?"

मला हसायचं नव्हतं. मी म्हटलं, हे झाड जन्मभर याच थंडीत उभं होतं. किडे थंडीने मरत असते तर झाड मेलंच नसतं.

"ते बाहेरचे किडे. हळूहळू गारठतात, सवय होते. हा तुमचा चार महिने हीटरजवळ बसून खातोय. घरजावई आहे. याला एकदम बाहेर काढा, बघा टिकतो का."

नात जिन्यावर बसून फोनमध्ये बघत होती. "आजी इज राइट," म्हणाली. "पीपल डू धिस. प्लास्टिकमध्ये रॅप करायचं, एकदम खूप थंड, बरेच दिवस. देन वॉर्म अप, अँड डू इट अगेन." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तसं केलंस आणि नंतर पावडर नाही पडली, तर आण. पडली तर नको आणूस. डील?"

मी डीलबिल काही म्हटलं नाही. कारण मला माहीत होतं आणि त्या दोघींना माहीत नव्हतं. उबेतली खुर्ची एकदम तसल्या थंडीत नेली तर लाकूड आखडतं, सांधे उघडतात. पाठ आणि हात जिथे मिळतात तो सांधा मी खिळ्याशिवाय बसवला होता. तो फुटला तर दुसरी खुर्ची करायला ना वेळ होता ना हात. किडा राहिला तर खुर्ची नातीच्या घरात जाणार नाही, आणि बाहेर काढली तर कदाचित खुर्चीच राहणार नाही. ख्रिसमस गेला, नवं वर्ष आलं, मी ती बेसमेंटमध्येच ठेवली. रोज पायाखाली काळा कागद घालायचा, रोज सकाळी थोडी भुकटी. ही विचारायची, "घरजावई काय म्हणतात?"

जानेवारीच्या मध्यावर मोठी थंडी येणार म्हणून रेडिओ सांगायला लागला. नातीचे दिवस भरत आले होते. हिने नाश्त्याला चहा ओतला आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता म्हणाली, "अहो, ती पोर आपल्याला काही म्हणणार नाही. फोल्डिंगवर करेल आणि जन्मभर फोटोत तेच बघेल."

मी उठलो. मुलाला हाक मारली. दोघांनी खुर्ची प्लास्टिकमध्ये गुंडाळली, सगळीकडून टेप लावली.

"पुढच्या दारी ठेवू नका हं," ही ओरडली. "कुणीतरी फ्री समजून उचलून नेईल."

मागच्या अंगणात, जिथे झाड होतं तिथे उरलेल्या खुंटाशेजारी बर्फ शोव्हलने बाजूला करून खुर्ची ठेवली. त्या आठवड्यात नाकातला श्वास गोठत होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून राहायचो. पहिल्या दिवशी दुपारी खुर्चीतून टक् असा आवाज आल्यासारखं वाटलं. घरातलाच पाइप असेल, पण मला वाटलं सांधा गेला. बाहेर जाऊन प्लास्टिकवर कान लावला. शेजारीण तिच्या खिडकीतून बघत होती. तिला मी हात केला, तिनेही केला. काय समजायचं ते समजली असेल.

शनिवारी थंडी थोडी उतरणार होती आणि मला खुर्ची आत घ्यायची होती. पण शब्बाथ. त्या दिवशी ओझं उचलायचं नाही. आजोबांनी घाणा थांबवला, मी काय एवढं थांबू नये? रविवारी सकाळी आधी गॅरेजमध्ये आणली, पुरती ऊब येऊ दिली, मग पुन्हा एकदा बाहेर. दुसरी खेप सोपी नव्हती. पहिल्या खेपेला मी हिच्या बोलण्यावर उठलो होतो, दुसऱ्या खेपेला मला पुरतं माहीत होतं की मी काय करतोय.

दुसऱ्यांदा आत आणून प्लास्टिक सोडलं. डाव्या हाताचा सांधा केसभर उघडला होता. बाकी खुर्ची धड होती. मी तिथेच गॅरेजमध्ये बादली उपडी टाकून बसलो. ही आली आणि माझ्या खांद्यावर शाल टाकून गेली. उघडलेल्या सांध्यात मी पातळ सरस सोडला, वर दोरी आवळली. नखाएवढी ढलपी घालावी लागली, ती आता मलाच सापडते.

आत आणल्यावर पहिल्या दिवशी काळ्या कागदावर पुन्हा भुकटी. हिचं तोंड उतरलं. मी म्हटलं, ही जुनी आहे, हलवाहलवीत आतल्या वाटांतून गळली. खरंच तसं होतं की नाही, मलाही ठाऊक नव्हतं. लाकडी हातोड्याने प्रत्येक पाय ठोकठोकून आतलं होतं नव्हतं ते पाडलं, व्हॅक्यूम लावला, नवा कागद घातला. त्याच संध्याकाळी नातजावयाचा फोन आला. मुलगा झाला होता, दोघं ठीक होती. घरात गोंधळ उडाला. माझा मुलगा रडत होता, ही प्रार्थना पुटपुटत होती, आणि मी कागद बघायला खाली गेलो.

त्या आठवड्यात रोज सकाळी ओकव्हिलहून नातीचा फोन. बाळाने किती दूध घेतलं हे आधी आजीला सांगायची, मग म्हणायची, "आजोबांना दे." मी कानाला लावला की एकच प्रश्न, "पावडर?"

"नाही."

"शुअर?"

"कागद काळा आहे, मी आंधळा नाही."

शेवटच्या दिवशी तिने तोच प्रश्न दोनदा विचारला. मग म्हणाली, "आजोबा, एक आठवडा इज नॉट मच."

"नाही," मी म्हटलं. "हिवाळ्यात किडा गप्पही बसतो. मेलाच आहे, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आठवडाभर कागद कोरा आहे, एवढंच सांगतो."

पलीकडे बाळ कुरकुरलं. तिने त्याला थोपटल्याचं ऐकू आलं. "आण," ती म्हणाली. "खाली पांढरी चादर घालू. संपलं की मी स्वतः बघेन. एक कण जरी दिसला तर परत ने."

४०३ हायवेवरून व्हॅन मुलाने चालवली. खुर्ची मागे आडवी, मी तिच्याशेजारी हात ठेवून. हिच्या मांडीवर मलिद्याचं ताट. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, सुकामेवा. आनंदाच्या कामी आम्ही हनाबीच्या नावाने करतो. नातीच्या घरात सोफा हलवून जागा केली होती. पांढरी चादर, तिच्यावर माझी खुर्ची, शेजारी जेवणाच्या टेबलाची दुसरी. मखमल हजानने आणली होती. हजान म्हणजे आमची प्रार्थना चालवणारा. त्याने ती खुर्चीवर पसरायला घेतली, पाठीवर हात फिरवला आणि अर्धीच टाकली, गाठ आणि हात उघडे राहतील अशी.

बाळाला आणलं. क्षणभर खुर्चीवर ठेवलं. सगळे त्याच्याकडे बघत होते, आमेन म्हणत होते. मी त्या पोराचं तोंड तेव्हा बघितलंच नाही. मी डावा मागचा पाय आणि त्याखालची चादर बघत होतो.

काम झालं, बाळ रडून आईकडे गेलं, मलिदा वाटला गेला. माणसं उठली तशी नात बाळाला आजीकडे देऊन आली. टाके होते, तरी गुडघ्यावर बसली, फोनची बॅटरी लावली. एक पाय, दुसरा, तिसरा. डाव्या मागच्या पायाशी थांबली.

"आजोबा."

चादरीवर पांढरे कण होते. तीन-चार. 

ही बाळाला छातीशी धरून पुढे आली. कमरेत वाकली, बोट ओलं करून एक कण उचलला आणि जिभेवर ठेवला. सगळे तिच्याकडे बघत.

"खोबरं," ती म्हणाली. "गोड आहे."

नात आधी हसली, मग हसता हसता रडायला लागली आणि तशीच चादरीवर बसून राहिली. "ओ माय गॉड, आजी, तू ते खाल्लंस?" हिने म्हटलं, "मग काय लॅबमध्ये पाठवू?" नातीने स्वतः दुसरा कण चाखला. मग तिने फोनची बॅटरी बंद केली आणि म्हणाली, "आजोबा, खुर्ची इथेच राहू दे. पुढच्या कुणाला लागली तर माझ्याकडून नेतील."

रात्री परत येताना ही व्हॅनमध्ये झोपली. झोपायच्या आधी एवढंच म्हणाली, "रव्याची आयडिया कुणाची होती, ते विसरू नका." मी म्हटलं, किडा आधीच मेलेला होता. त्यावर आमची दोन मतं अजून आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही उठायच्या आधी मी बेसमेंटमध्ये गेलो. खुर्ची करून उरलेल्या ॲशच्या फळ्या तिथे भिंतीला लावलेल्या होत्या. त्या एकेक करून वर आणल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या आणि मागच्या अंगणात बर्फात उभ्या केल्या.